पावसात पंप बंद करायचा नसतो

माणसाला हात लावल्याशिवाय सुलभाताईंना त्याच्याशी बोलता येत नसे. आखातात, उम्म अल हस्सममधल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मी राहायला आले त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि मी पुस्तकांचं खोकं घेऊन जिना चढत होते. त्या समोरून उतरत आल्या, आणि नाव-गाव काही न विचारता माझ्या खांद्यामागे अंगठा रोवून म्हणाल्या, "इथे दुखतं ना?"

मी किंचाळलेच.

"दुखतंय ना? मग जिवंत आहे." त्यांनी खोक्याची दुसरी बाजू धरली. "काय भरलंयस यात? पुस्तकं? म्हणजे तू माझी मानेची पेशंट होणार. चल, उचल."

त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, सांधे राहत. "आज नईमची कंबर आली होती, फार रडली बिचारी." "बँकेतला डावा गुडघा रिटायर होऊन पुण्याला चाललाय." एकदा भाजीच्या दुकानात एका गृहस्थांनी त्यांना वाकून नमस्कार केला. ते गेल्यावर मी विचारलं, कोण हो? त्यांनी बराच विचार केला. "पाठमोरा उभा राहिला असता तर सांगितलं असतं."

त्या गेल्या त्याला आता एक उन्हाळा होऊन गेला. शोकसभेत सगळे त्यांच्या हातांविषयी बोलले. ते खरंच होतं. पण त्यांच्या बागेविषयी कोणी बोललं नाही, कारण तिकडे माझ्याशिवाय फारसं कोणी जात नसे. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवणं हा माझा धंदा. हे मात्र दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

बाग झल्लाक गावाच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत होती. मालक हाजी जासिम. ते मूळ सुलभाताईंच्या भाषेत 'मान' होते. वर्षानुवर्षं न वळणारी ती मान त्यांनी वळती केली, आणि पहिल्यांदा डावीकडे बघता आल्यावर हाजी म्हणाले होते म्हणे, की इतकी वर्षं शेजारी कोण बसतं तेच मला माहीत नव्हतं. त्या ओळखीतून बाग मिळाली. भाड्याने नाही, शब्दावर. सुलभाताईंचे यजमान अरुणराव इंजिनियर होते, आणि दापोलीकडच्या माणसाला हातभर जमीन दिसली की त्यात काहीतरी खुपसल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी तिथे खजुराची पिलं लावली. केळीला फुटतात तशीच खजुरालाही बुंध्याशी पिलं फुटतात. ती सोडवून दुसरीकडे लावायची.

एके काळी त्या भागात गोड्या पाण्याचे झरे होते. ते आटले आणि विहिरींचं पाणी खारं होत गेलं. शेजारच्या सोडून दिलेल्या बागेत जुनी झाडं अजून उभी होती, पण शेंडे गळून पडलेली. नुसती खोडं, ओळीने, मुंडकी नसलेली. वारा आला तरी तिथे काही हलत नसे, आवाज होत नसे. पक्षीसुद्धा त्या बाजूने उडत जात नसत, वळसा घालत. सुलभाताई त्यांना 'वेटिंग रूम' म्हणत. "बसलेत बघ सगळे. नंबर कधी लागतो वाट बघतायत."

अरुणराव पहिल्यापासून एक गोष्ट सांगत आणि सुलभाताई तिच्यावर हसत. ते म्हणत, "पाऊस आला की पंप बंद करायचा नसतो. उलट जोरात सोडायचा." सुलभाताई हे घरी आलेल्यांना विनोद म्हणून सांगत. "ऐका यांचं! पावसात झाडांना पाणी घालायचं म्हणे. आमच्या दापोलीत असं कोणी केलं तर लोक त्याला ठाण्याला नेऊन दाखवतील." अरुणराव शांतपणे म्हणत, "घाला नाहीतर घालू नका. मी घालणार." कारण काय ते सांगायचे, पण तोवर हशा झालेला असे.

अरुणराव बागेतच गेले. शुक्रवारची सकाळ होती. सुलभाताई सावलीत डबे उघडत होत्या. बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत म्हणून त्या बघायला गेल्या, तर पंपाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसलेले. पंप चालू होता, हौद भरून पाणी वाहत होतं आणि त्यांच्या चपला पाण्यात बुडल्या होत्या. "आधी वाटलं, पाणी वाया घालवतायत, ओरडावं," त्या मला म्हणाल्या होत्या. "ओरडलेसुद्धा."

पुढच्या हिवाळ्यात पाऊस आला. चांगला अर्धा तास. सुलभाताई एकट्याच बागेत होत्या. मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अगं पुस्तकवाले, पाऊस! वास आलाय मातीला! मी पंप बंद करून टाकलाय आणि नुसती उभी आहे. यांना आज किती बरं वाटलं असतं!" संध्याकाळी त्यांनी कांदाभजी केली आणि मजल्यामजल्यावर वाटली.

काही आठवड्यांनी पिलांच्या पात्यांची टोकं तपकिरी झाली. मग पाती आतून जळत आली, कोणी मेणबत्ती धरावी तशी. हाजी तेव्हा मुलाकडे परगावी होते. ते परत आले, ओळीत फिरले, आणि एका झाडापाशी थांबून त्यांनी विचारलं, "सुलबा, मतर आया, तब पानी बंद किया? लेश?"

का, असं विचारत होते ते. पाऊस आल्यावर पाणी बंद का केलं, याला कोकणातल्या माणसाकडे काय उत्तर असणार?

मग सुलभाताईंना अरुणरावांचं सगळं वाक्य आठवलं. इतकी वर्षं हशात बुडालेला त्याचा दुसरा अर्धा भाग. इथल्या मातीत वरच्या थरात मीठ साचतं. थोडासा पाऊस ते विरघळवतो आणि नेमकं मुळांपाशी नेऊन ठेवतो. भरपूर पाणी मिळालं तरच ते आणखी खाली जातं. आणि इथे भरपूर पाऊस पडतच नाही. म्हणून आभाळाने सुरू केलेलं आपण पुरं करायचं. पंप बंद करायचा नसतो.

एक सोडून सगळी पिलं मेली.

हाजींच्या मुलांना ती जागा हवी होती. तिकडे आता पोहण्याच्या तलावांची भाड्याची घरं उठतायत, तसंच त्यांनाही करायचं होतं. हाजी म्हातारे झाले होते, पण शब्दाचे पक्के. ते मुलांसमोर सुलभाताईंना म्हणाले, "अरुन का लगाया हुआ एक भी हरा है, चावी तुम्हारा. वो गया, खलास." मुलांनी त्या एका झाडाकडे बघितलं आणि मान्य केलं. त्यांना घाई नव्हती.

त्यानंतर दोन हिवाळे पाऊसच पडला नाही.

टँकरचं पाणी येई, विहिरीच्या खाऱ्या पाण्यात मिसळून घातलं जाई, आणि दर वेळी मातीत थोडं मीठ मागे राही. आळ्यात पांढरी खपली धरू लागली होती. सुलभाताई वाकून तिच्यावर अंगठा दाबून बघत, पाठीच्या मणक्यांवरून फिरवतात तसा. झाडाला पाऊस हवाच होता. आणि पाऊस येईल त्या दिवशी आपण इथे नसलो तर तोच झाडाला मारील, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्या काळात त्यांनी सुट्टी घेतली नाही, देशात गेल्या नाहीत. टोरांटोहून मुलीचा फोन यायचा. ती मराठी समजायची आणि इंग्लिशमध्ये बोलायची. "आई, प्लीज, इट्स जस्ट अ ट्री." सुलभाताई म्हणायच्या, "हो गं. जेवलीस का?"

मी एकदा म्हटलं, देव पाण्यात ठेवून बघायचे का? आमच्याकडे आजी ठेवायची.

"नको. देवांना संधिवात होईल, आणि परत माझ्याकडेच येतील."

असं हसत बोलायच्या, पण बागेत शिरलं की त्यांचा आवाज उतरायचा. कोणी आत झोपलंय अशा घरात आपण बोलतो तसा. चहाचा थर्मास आणि तीन स्टीलचे पेले आणायच्या. आम्ही दोघीच असायचो. तिसरा पेला भरून खुर्चीजवळ ठेवायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. "घेत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण विचारावं लागतं ना."

भिंतीजवळ एक जुनी बोअर होती, केव्हाच आटलेली. जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप, तोंड उघडं. अरुणरावांनी त्याच्या तोंडाशी सुलभाताईंच्या दवाखान्यातल्या बँडेजची पट्टी बांधली होती. एरवी ती पाइपच्या आत लोंबत असे, आत ओढल्यासारखी. एका दुपारी आम्ही चहा घेत असताना सुलभाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बघ."

वारा अजिबात नव्हता. ती पट्टी हळूहळू पाइपातून बाहेर आली आणि सरळ वर उभी राहिली. पाइपातून आवाज येत होता. शिट्टी नव्हे. कोणी काहीतरी सांगण्याआधी दातांतून श्वास घेतं तसा. पण तो घेतलेला संपत नव्हता.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"हे सांगायचे, आभाळ जवळ आलं की जमीन श्वास सोडते." त्या पट्टीकडे बघत होत्या. "त्या दिवशीसुद्धा आवाज येत होता गं. मी पंप बंद केला तेव्हा. मला वाटलं, आनंदाने येतोय."

घरी आल्यावर मी वाचून काढलं. त्यात गूढ काही नाही. हवेचा दाब उतरला की खोल बोअरमधली हवा बाहेर येते, दाब वाढला की आत जाते. पावसाआधी दाब उतरतो, म्हणून पट्टी वर येते. मी सुलभाताईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हेही असंच सांगायचे." त्या दिवशी मात्र पाऊस आला नाही. पट्टी संध्याकाळी परत आत गेली. ती आत जातानाही मी बघितलं, आणि कारण माहीत असूनही मी पाइपाकडे पाठ करून बसू शकले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत झाड खूप खालावलं होतं. बाहेरची पाती वाळली होती, फक्त मधला पोंगा हिरवा होता. हाजींचा मोठा मुलगा एकदा येऊन मोजमापं घेऊन गेला. जाताना सुलभाताईंना अदबीने म्हणाला, "आँटी, इंशाल्ला, अगले महिने हम बात करेंगे." त्याची मान ताठ होती. तो गेल्यावर सुलभाताई म्हणाल्या, "बापावर गेलाय. पाच वर्षांत येईल माझ्याकडे."

तो शुक्रवार उजाडला तोच पिवळा. धुळीने सूर्य दिसत नव्हता, आणि तरी प्रत्येक वस्तूला सावली होती, फिकट, कुठूनही पडलेली. बागेत पोचलो तेव्हा पट्टी आधीच उभी होती. सुलभाताईंनी चहाचं नावही काढलं नाही. साडी खोचली, हौदाचं झाकण उघडून पाणी बघितलं, पाइप झाडापर्यंत ओढत नेला. जुमाच्या नमाजाची वेळ होत आली होती. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

"तू फाटकाशी थांब," त्या म्हणाल्या. "हाजी नमाज करून येतील. त्यांना पायाखालचं दिसत नाही, इकडे निसरडं होईल."

पहिले थेंब मोठे आणि विरळ होते. धुळीत पडून त्यांच्या गोळ्या होत होत्या. मग एकदम आभाळ खाली आलं. झऱ्यांवर जगलेल्या आणि मेलेल्या त्या जागेवर इतकं पाणी पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारची मुंडकी नसलेली खोडं काळी पडत गेली आणि एकेक करून पुढे सरकल्यासारखी दिसू लागली. सुलभाताईंनी खोलीमागे जाऊन पंपाचा खटका वर केला आणि धावत झाडाकडे परत आल्या. भर पावसात पाइप धरून उभ्या राहिल्या, आणि वरून कोसळत असताना खालून पाणी घालू लागल्या. पदर अंगाला चिकटलेला, केस सुटलेले. ठाण्याला नेऊन दाखवतील, असंच कोणीही म्हटलं असतं.

ते झाड जगलं. हे आताच सांगून टाकते, कारण पुढचं त्यासाठी कोणी वाचू नये. उन्हाळा लागण्याआधी मधून नवं पातं आलं. हाजींनी मुलांना बोलावून ते दाखवलं. सुलभाताई उन्हाळ्याच्या तोंडाशी झोपेत गेल्या, त्यांच्या फ्लॅटमध्ये. बागेची किल्ली त्यांच्या पर्समध्येच होती. त्या दुपारनंतरही आमच्या पुष्कळ भेटी झाल्या. जिन्यात, भाजीच्या दुकानात. त्या भेटींतल्या सुलभाताई मला आठवाव्या लागतात. त्या दुपारच्या न आठवता दिसतात.

हाजी आले तेव्हा पाऊस ओसरू लागला होता. हातात छत्री, पायघोळ थोब घोट्यांच्या वर उचललेला. फाटकात माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी आत पाहिलं आणि समाधानाने मान हलवली, जितकी हलत होती तितकी. पाऊस थांबत आला होता, म्हणजे आता खरी गरज पंपाचीच होती. मीठ सुटलं होतं, मुळांपर्यंत आलं असेल. आणि त्याच क्षणी पंप बंद पडला.

खोलीत पाणी शिरलं असावं. खटका पडल्याचा आवाज मला ऐकू आला. सुलभाताईंच्या हातातला पाइप एकदम मऊ पडला.

खटका खोलीच्या मागच्या भिंतीवर होता, आम्हाला न दिसणाऱ्या बाजूला. तो हातानेच वर करावा लागे. मी धावायला निघाले. हाजींनी छत्री माझ्या वाटेत आडवी धरली.

"ठहरो," ते म्हणाले.

सुलभाताई वळल्याही नाहीत. त्यांची नजर झाडाच्या आळ्यावर होती. हातात तो निर्जीव पाइप धरून, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून सांगावं तशा त्या म्हणाल्या, "अहो, बघता का जरा?"

भिंतीजवळच्या बोअरमधून तो श्वास येत होता. बाकी सगळं थांबलं होतं. पन्हळीतून पडणारं पाणीसुद्धा मला ऐकू येत नव्हतं.

मग खोलीमागे खटका वर झाला. लोखंडावर लोखंड, स्पष्ट. पंप एकदा खोकला आणि चालू झाला. सुलभाताईंच्या हातात पाइप उडाला, त्यांनी तो दोन्ही हातांनी आवरला आणि खाली वाकून पाणी मुळांशी धरलं.

"हां," त्या म्हणाल्या. "असू दे आता."

खोलीमागून कोणी बाहेर आलं नाही. मी हाजींकडे पाहिलं. इतकी वर्षं ती बाग त्यांची होती, बाहेर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी छत्री मिटली, फाटकाबाहेरच्या ओल्या दगडावर रुमाल पसरला आणि हळूच टेकले.

"आत नाही येणार?" मी त्यांना हिंदीत विचारलं.

"नहीं," ते म्हणाले. "घर में लोग हैं."

आणि दुसऱ्याच्या दारात थांबलेला माणूस फिरवतो तशी बागेकडे पाठ फिरवून ते रस्त्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने मीही त्यांच्याशेजारी, तोंड रस्त्याकडे करून बसले. आमच्या मागे पंप चालू होता.